लॅपटॉपची निवड : नाव आणि अंतरंग

बीदर शहराजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. अशा एखाद्या कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्या गृहस्थाच्या मुलीला अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळतो, तेव्हा आनंदाच्या पाठोपाठ घरात एक खर्चही येऊन उभा राहतो. २०१२ सालच्या अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने ३७१-जे हे कलम आले आणि बीदर-कलबुर्गी भागातील विद्यार्थ्यांना शिक्षणात राखीव जागा देण्याचा मार्ग मोकळा झाला. पण प्रवेशाबरोबर लागणारा लॅपटॉप कोणतेही कलम देत नाही. घरात त्यासाठी पन्नास हजार रुपये बाजूला काढले आहेत असे धरावे. ही रक्कम चुकीच्या यंत्रावर गेली, तर दुसऱ्यांदा जमण्यास पुष्कळ काळ लागेल. म्हणून ही निवड एरवी वाटते तितकी किरकोळ नाही.

सल्ल्याची वाण मात्र कधीच पडत नाही. १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलुखात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. त्यामुळे येथील मराठी घरांचे सोयरे सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेले आहेत. उदगीरचे काका एक कंपनी सुचवितात, पुण्यात नोकरी करणारा आतेभाऊ दुसरी, हैदराबादचे मामा तिसरी. आणि दुकानदार, ज्या मालावर त्याला अधिक सुटते, ती चौथी. प्रत्येकाचा पुरावा एकच असतो : ‘आमचा पाच वर्षे चालला.’

वस्तुतः झाकणावरचे नाव फारच थोडे सांगते. एचपी, डेल, लेनोव्हो, एसर, आसूस या कंपन्यांच्या बहुतेक लॅपटॉपांतील मुख्य गणन करणारा प्रोसेसर त्यांचा स्वतःचा नसतो. तो प्रायः १९६८ साली स्थापन झालेल्या इंटेलचा किंवा १९६९ साली स्थापन झालेल्या एएमडीचा असतो. शिवाय एकच कंपनी कचेऱ्यांसाठी दणकट यंत्रे करते आणि त्याच नावाखाली स्वस्त, लवचिक अंगाचीही विकते. आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय लेनोव्होने २००५ साली घेतला. तेव्हा आलेली थिंकपॅड ही मालिका कचेऱ्यांत नावाजलेली. पण म्हणून लेनोव्होचा प्रत्येक लॅपटॉप थिंकपॅड होत नाही. बिदरी भांड्यावरची चांदीची नक्षी आधी डोळ्यांत भरते, भांडे मात्र उभे असते ते जस्त-तांब्याच्या ओतीव अंगावर. लॅपटॉपचेही अंग आधी पाहावे.

या अंगात पहिला प्रोसेसर, आणि ग्राहकाची सर्वांत अधिक फसगत होते ती येथेच. ‘आय-फाइव्ह आहे’ एवढे ऐकून तो निर्धास्त होतो. परंतु आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन या पायऱ्या एकाच पिढीच्या आत खऱ्या. पिढ्या ओलांडल्या की त्यांचा अर्थ उरत नाही. इंटेलचा आय-फाइव्ह ७२००-यू हा सातव्या पिढीचा असून त्यात दोनच गाभे, म्हणजे काम करणारे दोनच हात आहेत. बाराव्या पिढीच्या आय-थ्री १२१५-यू मध्ये दोन मोठे आणि चार लहान असे सहा आहेत. नावाने धाकटा असलेला हा आय-थ्री थोरल्याला सहज मागे टाकतो. एएमडीची गंमत याहून निराळी. रायझेन ७५२०-यू हे नाव पाहून तो अगदी नव्या घडणीचा वाटतो. पण त्यातील पहिला ७ हा केवळ २०२३ सालच्या मालिकेचा अंक होय. आतली घडण सांगतो तिसरा अंक, आणि तो २ आहे. ही झेन-२ घडण २०१९ साली बाजारात आलेली. तिच्यावर साधे लिखाण-वाचन उत्तम चालते. प्रश्न एवढाच, की जुन्या घडणीला नव्याचा भाव का द्यावा? शेवटचे अक्षरही वाचावे. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, ‘एच’ म्हणजे जोमदार, परंतु अधिक तापणारा आणि बॅटरी लवकर संपविणारा.

त्यानंतर मेमरी, अर्थात रॅम. आठ जीबीपैकी मोठा वाटा विंडोज आणि इंटरनेटचा ब्राउझर मिळूनच व्यापतात. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सोळा जीबी असलेली बरी. पैसे अपुरे असतील तर आज आठ घेऊन पुढे वाढविता येते; मात्र त्यासाठी दुकानात एक प्रश्न विचारलाच पाहिजे. यंत्रात मेमरीसाठी मोकळी खाच आहे, की मेमरी डाख देऊन मुख्य पाटीला कायमची जोडलेली आहे? पातळ, देखण्या लॅपटॉपांत पुष्कळदा ती डाखलेली असते, आणि मग आठाचे सोळा कधीच होत नाहीत. कपाळावरचे नाव कोणतेही असो, या एका प्रश्नाच्या उत्तरावर यंत्राचे आयुष्य दोन वर्षांनी कमी-अधिक होऊ शकते.

साठवणीसाठी एसएसडीच हवी; फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क चांगल्या प्रोसेसरलाही ताटकळत ठेवते. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कारखाना हजारांच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या; माल तेवढाच असतो.

बॅटरीचे तास जाहिरातीत वाचण्यापेक्षा स्वतः काढावेत. पेटीवर किंवा तपशिलात बॅटरीची क्षमता वॉट-तासांत दिलेली असते. ती ४२ असेल आणि साध्या कामाला यंत्र सुमारे ८ वॉट ओढत असेल, तर पाच तासांच्या आसपास चालेल. तेच चित्ररेखनाचे अवजड काम करताना १४ वॉट ओढू लागले की तीन तास. खेड्यात दुपारची वीज गेल्यावर हा हिशेब फार खरा वाटतो. याशिवाय उष्णता हा लिथियम बॅटरीचा शत्रू आहे. कलबुर्गीकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत पत्र्याच्या छपराखाली, गादीवर ठेवून, खालची वारा घेण्याची जाळी झाकून लॅपटॉप चालविला, तर बॅटरी झपाट्याने म्हातारी होते.

अभ्यासक्रमाचा विषयही विसरू नये. यंत्र अभियांत्रिकीत वापरले जाणारे सॉलिडवर्क्स केवळ विंडोजसाठी आहे. ॲपलने नोव्हेंबर २०२० पासून स्वतःचे प्रोसेसर बसविलेले लॅपटॉप आणले. ते वेगवान आहेत, बॅटरीही दीर्घ चालते, पण या विद्यार्थिनीच्या ते उपयोगाचे नाहीत. पुण्याच्या आतेभावाचा सल्ला त्याच्या कामापुरता खरा असतो.

कळफलकाविषयी येथील ग्राहकाने अजिबात चिंता करू नये. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इनस्क्रिप्ट ही मांडणी प्रमाण ठरविली. तिच्यात भारतीय लिप्यांतील समान अक्षरे एकाच जागी असतात. ‘कळस’ हा शब्द मराठीत ज्या कळा ज्या क्रमाने दाबून उमटतो, त्याच कळा कन्नडमध्ये त्याच क्रमाने दाबल्या की ‘कळस’च उमटतो, ‘ळ’सकट. घरी मराठी आणि कचेरीत कन्नड अशा माणसाला ही सोय आयती मिळालेली आहे, आणि ती महागड्या यंत्रात जितकी, तितकीच स्वस्तातही.

मोठ्या शहरांतील कचेऱ्यांतून निघालेले, दुरुस्त केलेले जुने लॅपटॉप अर्ध्या किमतीला मिळतात. हा मार्ग कमीपणाचा नाही. जुने दणकट यंत्र नव्या लेच्यापेच्याहून पुष्कळदा सरस ठरते. पण विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. सातव्या पिढीचे यंत्र कितीही चकचकीत असले, तरी लिनक्स वापरण्याची तयारी असल्यावाचून घेऊ नये.

राहिली दुरुस्ती, आणि ब्रँडच्या नावाला काही वजन असेल तर ते येथे. बंगळूर बीदरपासून सातशे किलोमीटरच्या घरात आहे, हैदराबाद दीडशेच्या आत. कलबुर्गीस २०१७ पासून थेट रेल्वेही झाली आहे. घेण्यापूर्वी त्या कंपनीचे अधिकृत केंद्र या तिघांपैकी कोठे आहे, आणि हमीच्या अटींत माणूस घरी येणार की यंत्र घेऊन आपण जायचे, हे वाचून घ्यावे. दोन लॅपटॉपांचे अंतरंग सारखे असेल, तर ज्याचा कारागीर जवळ तोच घ्यावा. मग नाव कोणाचे का असेना.

पावती हमखास घ्यावी. लॅपटॉपवर अठरा टक्के जीएसटी आहे; तो वाचविण्यासाठी कोऱ्या कागदावर हिशेब लिहून देणारा विक्रेता ग्राहकाचा पुरावाच काढून घेत असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार माल हैदराबादेत घेतलेला असो वा इंटरनेटवरून मागविलेला असो, तक्रार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे बीदरलाच, करता येते. त्या तक्रारीत पहिली मागणी पावतीची होईल. म्हणून पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा आणि पेटीवरचा, यंत्राच्या तळाचा व पावतीवरचा असे तिन्ही अंक दुकानाची पायरी उतरण्यापूर्वी जुळवून पाहावेत.