विश्लेषण : जुना मोबाइल घेताय? तो नेमका कुणाचा, ते आधी पाहा

ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत वरचेवर एक छोटेखानी कार्यक्रम होतो. टेबलावर मोबाइल ओळीने मांडलेले असतात. चोरीला गेलेला किंवा गहाळ झालेला फोन पोलीस अधिकाऱ्यांच्या हस्ते मूळ मालकाला परत दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र छापून येते. मालक आनंदात असतो, असायलाच हवा. पण त्या टेबलावरचे सगळेच फोन चोराच्या खिशातून आलेले नसतात. काही फोन कुणीतरी पैसे मोजून घेतलेले असतात, महिनोन्‌महिने वापरलेले असतात. एक दिवस पोलीस ठाण्यातून बोलावणे येते, ‘तुम्ही वापरता तो हँडसेट घेऊन या’. तो माणूस हँडसेट जमा करतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. त्याचे छायाचित्र कुठेच येत नाही.

जुना फोन घेण्यात गैर काहीच नाही. मुलीचे कॉलेज सुरू झाले, नव्या फोनचे बजेट नाही, मग ऑनलाइन जाहिरात किंवा सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाहिला जातो. ‘एकच वर्ष वापरलेला, स्क्रॅचलेस, बॉक्स नाही, अर्जंट विकणे आहे.’ भेट ठरते ती डोंबिवलीत इंदिरा चौकात, कल्याणला स्कायवॉकखाली, नाहीतर ठाण्यात सॅटिस पुलाजवळ. दहा मिनिटांत व्यवहार उरकतो. दुकानातून घेतलेल्या फोनला निदान बिल असते आणि दुकान उद्याही त्याच जागी असते. इथे विकणारा लोकलमध्ये चढला की हाती उरतो फक्त त्याचा मोबाइल नंबर, आणि तोही बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी बंद लागतो.

हा फोन येतो कुठून?

बहुतेक वेळा खरोखरच एखाद्याच्या घरातून. नवा घेतला म्हणून जुना काढला, इतके साधे. पण ठाणे ते कल्याण या पट्ट्यात दुसरा स्रोतही आहे आणि तो रेल्वे प्रवाशांना चांगलाच माहीत आहे. गर्दीत खिशातून उचललेला फोन, गाडी सुटताना खिडकीतून हिसकावलेला फोन, आणि रुळांलगत उभे राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारून पाडलेला फोन. या शेवटच्या प्रकाराला ‘फटका’ म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये शहाड आणि आंबिवलीदरम्यान तपोवन एक्स्प्रेसमधील एका तरुणाच्या हातावर असाच फटका बसला. तो गाडीतून खाली पडला आणि त्याला पाय गमवावा लागला. असा फोन शेवटी कुठेतरी विकला जातो, तेव्हाच चोराला पैसे मिळतात. ‘बॉक्स हरवला’ म्हणत निम्म्या किमतीत फोन देणाऱ्याला घासाघीस करायची फारशी गरज नसते. आयजीच्या जिवावर बायजी उदार, त्यातला प्रकार.

पैसे दिले, मग फोन माझा नाही का?

नाही. वस्तू विक्री कायदा, १९३० मधील कलम २७ चा गाभा असा, की विकणाऱ्याकडे जितका हक्क आहे त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. काही अपवाद त्यात आहेत, पण चोराकडून झालेली खरेदी त्यात बसत नाही. चोराला मालकी नसते, त्यामुळे तो ती पुढे देऊ शकत नाही. मध्ये चार हात बदलले, प्रत्येकाने प्रामाणिकपणे पैसे दिले, तरी फोन पहिल्या मालकाचाच. याच कायद्याच्या कलम १४ नुसार खरेदीदार विकणाऱ्याकडून पैसे परत मागू शकतो. फक्त त्यासाठी विकणारा सापडावा लागतो!

पुढचा धोका फौजदारी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेतला किंवा ठेवला तर तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. (१ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचे कलम ४११ होते.) नकळत फसलेला खरेदीदार आपोआप गुन्हेगार ठरत नाही. पण ‘तसे मानायला कारण’ हे शब्द लक्षात ठेवावेत. बाजारात वीस हजारांना जाणारा फोन बिलाशिवाय, बॉक्सशिवाय, रोखीने सहा हजारांत घेतला असेल, तर ‘मला काहीच शंका आली नाही’ हे पटवून देणे सोपे नाही.

फोनची ओळखच बदललेली असेल तर प्रकरण आणखी गंभीर होते. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ नुसार आयएमईआय क्रमांकात फेरफार करणे हा अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फेरफार झालेला आहे हे माहीत असूनही असे उपकरण जवळ बाळगणाराही त्याच कलमात येतो.

पोलिसांना कळते कसे?

प्रत्येक हँडसेटला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. चोरीची तक्रार दिल्यावर मालक केंद्राच्या ‘सीईआयआर’ नोंदवहीत तो क्रमांक बंद करून घेऊ शकतो. ही यंत्रणा पहिल्यांदा वापरात आली त्या भागांत महाराष्ट्र होता. सप्टेंबर २०१९ मध्ये इथे आणि गोव्यात तिचा प्रायोगिक टप्पा सुरू झाला. मे २०२३ पासून ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून ती देशभर उपलब्ध आहे. क्रमांक काळ्या यादीत गेला की देशातल्या कोणत्याही कंपनीचे नेटवर्क त्या फोनवर चालत नाही. आणि कुणी त्यात सिम घालून पाहिले, की ते सिम कुणाच्या नावावर आहे याची माहिती तक्रार नोंदलेल्या पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचते.

म्हणजे चोराने फोनमध्ये आपले सिम कधीच घातलेले नसते. पहिले सिम पडते ते खरेदीदाराचे, आणि पोलिसांच्या पडद्यावर उमटते तेही त्याचेच नाव.

मग तपासायचे काय आणि कधी?

पैसे देण्याआधी, आणि आपले सिम घालण्याच्याही आधी. हा क्रम बहुतेक जण उलटा करतात. आधी सिम घालून ‘रेंज येते का’ पाहतात. त्याऐवजी विकणाऱ्याच्या हातातच फोनवर *#०६# डायल करायला सांगावे. पडद्यावर आयएमईआय क्रमांक येतील. ते फोनच्या सेटिंगमधल्या क्रमांकांशी, बॉक्स असेल तर बॉक्सवरच्या आणि बिल असेल तर बिलावरच्या क्रमांकांशी अंकागणिक जुळवावेत. शेवटचे चार अंक जुळले म्हणून थांबू नये.

मग स्वतःच्या फोनवरून एक एसएमएस करायचा. इंग्रजीत ‘केवायएम’ ही तीन अक्षरे, एक जागा मोकळी, पुढे तो १५ अंकी क्रमांक, आणि पाठवायचे १४४२२ वर. हीच तपासणी संचार साथीच्या संकेतस्थळावर आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या अ‍ॅपवरही होते. उत्तरात फोनचा ब्रँड आणि मॉडेल येते. ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘आधीपासून वापरात’ असे आले तर फोन तिथेच परत करावा, कितीही आवडला असला तरी. मॉडेल वेगळेच आले, हातात एका कंपनीचा फोन आणि उत्तरात दुसऱ्या कंपनीचे नाव, तर क्रमांक बदललेला आहे असे धरून चालावे. दोन सिमच्या फोनचे दोन्ही क्रमांक तपासावेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुरुस्त झालेल्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांनीही जुन्या उपकरणांच्या खरेदी-विक्रीआधी आयएमईआय काळ्या यादीशी पडताळण्याची तरतूद आणली आहे.

ही तपासणी पूर्ण कवच मात्र नाही. काल संध्याकाळी मुंब्र्याला गेलेला फोन आज सकाळी कल्याणला विकायला येऊ शकतो, आणि मालक अजून तक्रार लिहून घेण्यासाठी ताटकळत असू शकतो. हद्द लोहमार्ग पोलिसांची की शहर पोलिसांची, चोरी लिहायची की ‘गहाळ’, यातच दिवस जातो. तोवर एसएमएसचे उत्तर स्वच्छ येते. चार दिवसांनी तोच क्रमांक काळ्या यादीत जातो. वाय-फायवर फोन चालतच राहतो, व्हिडीओ दिसतात, फक्त नेटवर्क गायब. म्हणून आयएमईआयइतकेच महत्त्वाचे आहे ते विकणाऱ्या माणसाची ओळख हाताशी असणे.

साध्या कागदावर पावती लिहून घ्यावी. नाव, पत्ता, मॉडेल, दोन्ही आयएमईआय, रक्कम, तारीख, सही, आणि ‘हा फोन माझ्या मालकीचा असून त्यावर कर्ज नाही’ ही एक ओळ. सोबत ओळखपत्राची प्रत. आधार असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रतही चालते. पैसे रोख न देता यूपीआयने द्यावेत. समोर दिसणारे खातेदाराचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकच आहे का, हे तिथेच कळते. ‘भावाच्या नंबरवर टाका’ म्हटले, की थांबावे. खऱ्या मालकाला या कागदाचा त्रास होत नाही. उलट त्यालाही तो हवा असतो, कारण उद्या त्या हँडसेटवरून काही उद्योग झाला तर पोलीस आधी त्याच्या दारात येतील.

चोरीचा नाही, तरी उपयोगाचा नाही

मालकी ठीक असूनही फोन वीट होऊन बसतो, त्याची दोन कारणे असतात. पहिले, जुन्या मालकाचे खाते. अँड्रॉइड फोन बाहेरून रीसेट केला तर तो आधीचे गूगल खाते आणि पासवर्ड मागतो. आयफोनमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन लॉक असतो. ‘घरी जाऊन लॉगइन करा, पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप करतो’ यावर विसंबू नये. विकणाऱ्याने समोर बसून खाते काढावे, फोन रीसेट करावा आणि खरेदीदाराने पहिल्या पडद्यापासून सुरू करून होम स्क्रीनपर्यंत यावे. वीस मिनिटे लागतील, एखादी लोकल चुकेल. दुसरे कारण हप्त्यांचे. कर्जावर घेतलेल्या काही फोनमध्ये वित्त कंपनीचे लॉक असते. हप्ता चुकला की पडदा बंद होतो, आणि साध्या रीसेटने ते लॉक निघतेच असे नाही. विकणाऱ्याने हप्ते बुडवले, त्याची शिक्षा घेणाऱ्याला. कर्ज फिटल्याचे पत्र मागावे.

बाकी तपासणी डोळ्यांची आणि हातांची. डिस्प्ले बदललेला आहे का, हे नव्या आयफोनमध्ये सेटिंगमधल्या ‘अबाउट’ भागात दिसते. सिमच्या खाचेत पाणी शिरल्याचे दाखवणारी पट्टी अनेक मॉडेलमध्ये असते आणि ती लाल झालेली असेल तर फोन भिजलेला आहे. एकदा उघडून दुरुस्त केलेल्या फोनचे ‘वॉटरप्रूफ’पण गृहीत धरू नये, विशेषतः जुलैत डोंबिवली फास्टच्या दारात उभे राहणाऱ्यांनी. सुरक्षा अपडेट शेवटचे कधी आले तेही पाहावे, कारण याच फोनवर बँकेचे अ‍ॅप चालणार आहे.

आणि फोन न पाहताच आगाऊ पैसे मागणाऱ्यांचा वेगळाच धंदा आहे. लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये असल्याचे सांगायचे, गणवेशातला फोटो पाठवायचा, ‘बदली झाली म्हणून विकतोय, कुरिअरने पाठवतो’ म्हणत दोन हजार मागायचे. फोन अस्तित्वातच नसतो. पैसे गेले तर तासाभरात १९३० या हेल्पलाइनवर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

पोलीस ठाण्यातून फोन आलाच तर?

आधी तो खरा आहे का, ते पाहावे. ‘चोरीचा फोन वापरता, दंड ऑनलाइन भरा’ असे सांगणारा पोलीस नसतो. अधिकाऱ्याचे नाव आणि पोलीस ठाणे विचारून त्या ठाण्याच्या अधिकृत क्रमांकावर उलट फोन करावा. बोलावणे परगावच्या ठाण्यातून आले असेल, तर जवळच्या ठाण्यात, म्हणजे डोंबिवलीत रामनगर किंवा विष्णुनगर, कल्याण पश्चिमेला महात्मा फुले चौक, जाऊन खातरजमा करता येते. बोलावणे खरे असेल तर टाळाटाळ करू नये. फोन बंद करून ठेवणे, पुढे विकून मोकळे होणे किंवा तलावात टाकणे, यातले काहीही केले की फसलेला ग्राहक संशयित दिसू लागतो. आपला डेटा आधी उतरवून घ्यावा, पावती, यूपीआयची नोंद, जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट बरोबर न्यावेत. हँडसेट जमा करताना त्याची लेखी पोच मागावी आणि विकणाऱ्याविरुद्ध फसवणुकीची तक्रार तिथेच द्यावी.

त्या तक्रारीत विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि खाते लिहिता आले तर तपास तिथून मागे सरकतो. नुसता बंद पडलेला मोबाइल नंबर असला, तर तो खरेदीदारापाशीच थांबतो.