इंग्रजी भाषेची जडणघडण आणि स्पेलिंगचे कोडे

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविण्यात येऊ लागले. हा विषय शिकविताना एक प्रश्न वारंवार पुढे येतो. उच्चाराप्रमाणे लिहिण्याची सवय झालेले मूल विचारते, "गुरुजी, योद्धा या अर्थाच्या 'नाइट' शब्दात 'के' उच्चारावयाचा नाही, मग तो लिहावयाचा कशाला?" "ते तसेच असते, पाठ कर," एवढे सांगून शिक्षकाची सुटका होते, परंतु मुलाची जिज्ञासा मावळते. या प्रश्नाचे खरे उत्तर त्या भाषेच्या इतिहासात आहे.

ब्रिटनचे प्राचीन रहिवासी केल्टिक भाषा बोलत. इ. स. ४३ पासून सुमारे ४१० पर्यंत तेथे रोमन सत्ता होती. ती गेल्यानंतर, पाचव्या शतकात, आजच्या डेन्मार्क व उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यांकडून अँगल, सॅक्सन व ज्यूट या टोळ्या येऊन स्थायिक झाल्या. त्यांच्या बोलींतून इंग्रजी जन्मास आली. अँगल लोकांवरूनच तिला 'इंग्लिश' हे नाव पडले. या प्राचीन इंग्रजीत मराठीप्रमाणे तीन लिंगे व नामांचे विभक्तिप्रत्यय होते. तीत सूर्य स्त्रीलिंगी, तर चंद्र पुल्लिंगी असे!

संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे मूळ एकच असावे, असा विचार विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास मांडला. पुढील संशोधनाने इंग्रजीही त्याच कुळातील ठरली. संस्कृतातील 'प', 'त', 'द' या ध्वनींच्या जागी इंग्रजीत अनुक्रमे 'फ', 'थ', 'ट' आढळतात. पितृ–फादर, त्रि–थ्री, दश–टेन या जोड्या पाहाव्यात.

पुढे या भाषेत अनेक प्रवाह मिसळले. ५९७ साली रोमहून आलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांमागून लॅटिन शब्द व रोमन लिपीतील लेखन रुजले. आठव्या शतकाच्या अखेरीपासून स्वाऱ्या करणाऱ्या व नंतर तेथेच वस्ती केलेल्या उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांनी 'स्काय', 'एग', 'नाइफ' हे शब्द दिले. 'दे' हे सर्वनामही त्यांचेच. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले व राजदरबारी फ्रेंच भाषा आली. इंग्रजी मुख्यतः शेतकऱ्यांची व सेवकांची बोली होऊन राहिली. म्हणून गोठ्यातील मेंढीस 'शीप' हा इंग्रजी शब्द आहे, तर धन्याच्या ताटातील तिच्या मांसास 'मटन' हा फ्रेंच! परंतु लोकांच्या मुखी असलेली ही बोली टिकली. १३६२ च्या कायद्याने न्यायालयांतील युक्तिवाद इंग्रजीत करण्याचे ठरले आणि त्याच शतकात चॉसर याने तिला श्रेष्ठ काव्याचे वैभव दिले.

आता स्पेलिंगकडे वळू. 'नाइट' हा शब्द पूर्वी 'क्निख्त' असा उच्चारीत. 'के' व 'जी-एच' ही अक्षरे तेव्हा बोलकी होती. 'नेम' हा शब्दही 'नाम' असाच काहीसा उच्चारला जाई. आपल्या 'नाम' शब्दाचा तो सगोत्रच आहे. १४७६ साली कॅक्स्टन याने इंग्लंडात छपाई सुरू केली, तेव्हा दीर्घ स्वरांचे उच्चार पालटत होते. छापखान्यांमुळे लेखन हळूहळू स्थिरावले. उच्चार मात्र बदलत राहिले. सारांश, आजचे अनेक मूक वर्ण म्हणजे जुन्या उच्चारांच्या खुणा होत.

शिक्षकबंधुभगिनींनी यातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. एक, स्पेलिंग चुकविणारे मूल मंदबुद्धीचे नव्हे. 'के' गाळणारे मूल कानास प्रामाणिक असते. त्यास शब्दाची गोष्ट सांगावी, म्हणजे अक्षर स्मरणात राहील. दुसरी, एकेकाळी दरबारात स्थान नसलेली बोली आज जगभर पोहोचली आहे. तेव्हा मुलाच्या घरच्या बोलीस कोणी अशुद्ध म्हणून हिणवू नये. इंग्रजीने तर आपल्या 'मुंगूस' शब्दावरून 'मंगूस' हा शब्द घेतला आहे. फळ्यावर हे दोन्ही शब्द शेजारी लिहून धड्यास आरंभ केल्यास, परकी वाटणारी भाषा मुलांस थोडी जवळची वाटेल.