निविदेतील दोष आणि शब्दांचे बंधन

धाराशिव जिल्ह्यात ठेकेदारास ‘गुत्तेदार’ म्हणतात. कन्नडातील ‘गुत्तिगे’शी या शब्दाचे नाते उघड आहे. ‘बयाणा’ फारसीच्या वाटेने आला, तर ‘निविदा’ संस्कृत धातूवरून घडविलेली. 1948 पर्यंत येथे निजामाचा अंमल व दफ्तरात उर्दू होती; तेव्हा एका व्यवहारात इतके भाषिक थर आढळावेत, यात नवल नाही. प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र व्युत्पत्ती नसून, अशा कागदांत राहिलेली चूक कोठवर दुरुस्त करता येते, हा आहे. एका शब्दापायी गुत्तेदाराच्या हातचे काम जाते आणि गावाचा रस्ता एक पावसाळा मागे पडतो.

जुन्या उर्दू-फारसी दस्तऐवजांत रकमेसोबत तिची निम्मी रक्कमही लिहीत. शंभराचा आकडा कोणी पालटल्यास ‘निम्मे पन्नास’ ते कृत्य उघडे पाडी. आजची ‘अंकी व अक्षरी’ ही रीत त्याच कुळातली होय.

दोष दोन प्रकारचे मानावे लागतात. बयाणा स्टेट बँकेच्या ड्राफ्टऐवजी युनियन बँकेच्या प्रमाणित धनादेशाने भरला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ही अट गौण ठरवून ते स्वीकारणे योग्य मानले. याउलट, पश्चिम बंगालच्या वीज मंडळाच्या प्रकरणात निविदा उघडल्यावर दर सुधारण्याची मागणी 2001 मध्ये नाकारली गेली. संगणकाने चूक केली, हे कारण पुरेसे ठरले नाही. दर पालटला की स्पर्धाच पालटते.

भाषाभ्यासकास अधिक उद्बोधक वाटावे असे प्रकरण मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाचे आहे. 1977 च्या सूचनेत ‘नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचे हॉटेलचालक’ व 5 वर्षांचा अनुभव, अशी अट होती. काम मात्र कँटीनचालकास मिळाले. ही शब्दयोजना निरर्थक आहे, असा बचाव झाला. न्या. भगवती यांनी 1979 मध्ये तो फेटाळला: जाहीर केलेला निकष प्राधिकरणावरही बंधनकारक असतो, कारण तो वाचूनच इतर अपात्र लोक दूर राहिलेले असतात. न वाचलेल्यापेक्षा वाचून थांबलेल्यांचा विचार न्यायालयाने केला, हे मला विशेष वाटते. अर्जदारास मात्र, विलंब व इतर कारणांस्तव, दाद मिळाली नाही.

करारातील दोषाची गोष्ट वेगळी. संविधानाच्या अनुच्छेद 299 नुसार राज्याचा करार राज्यपालांच्या नावे व प्राधिकृत अधिकाऱ्याच्या सहीनेच व्हावा लागतो. एरव्ही तो शासनास बांधत नाही. झालेल्या कामाचा मोबदला तरीही 1872 च्या करार कायद्याच्या कलम 70 खाली मागता येतो.