काटा मध्यावर, इंजिन मात्र तापलेले

मे महिन्यात नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला निघालेल्या गाडीचा चालक अधूनमधून तापमानाच्या काट्याकडे पाहतो. गोदावरीकाठचे नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर आहे, तर बालाघाटाच्या पठारावरील लातूर सुमारे ६३० मीटरवर. रस्ता एकंदरीत चढाचा आणि हवा ४२-४३ अंश सेल्सिअसची. तरी काटा मध्यावर आहे म्हणून चालक निर्धास्त असतो. त्याने तसे असावे का? हा काटा नेमके कशाचे तापमान सांगतो ते पाहू.

इंधनाच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशाचेच कार्य होते. जवळजवळ तेवढीच उष्णता धुराबरोबर निघून जाते. उरलेली मुख्यतः पाण्यामार्फत रेडिएटरकडे येते आणि हवेत सोडली जाते. रेडिएटर किती उष्णता सोडू शकेल, हे पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असताना हा फरक ६५ असतो. हवा ४३ वर गेली की तो ४७ उरतो. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण क्षमता सुमारे २८ टक्क्यांनी घटली! हे गणित आठवीच्या वर्गातही घेता येईल. त्यात बोअरचे जड पाणी वापरले की नळ्यांच्या आत क्षारांचा थर बसतो आणि तो धातूच्या मानाने उष्णतेचा फारच मंद वाहक असतो. (एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे रेडिएटरसाठी शुद्ध पाणी वापरा असे सांगणे किती सोपे आहे, याची आम्हाला कल्पना आहे.)

आता काट्याकडे वळू. इंजिनातील पाण्याच्या वाटेत एक थर्मिस्टर बसवलेला असतो. तापमान वाढले की याचा विद्युतरोध कमी होतो. एका प्रचलित नमुन्यात २० अंशांना रोध सुमारे २५०० ओहम असतो, तर १०० अंशांना २०० ओहमच्याही खाली येतो. रोधातील हा बदल काटा दाखवतो. मात्र अनेक नव्या गाड्यांत चालक उगाच घाबरू नये म्हणून ८० पासून १०० अंशांच्याही वरपर्यंत काटा मुद्दाम मध्यावरच ठेवलेला असतो.

याहून मोठी अडचण दुसरी आहे. थर्मिस्टर फक्त स्वतःचे तापमान सांगतो. पाइप फुटून पाणी वाहून गेले, तर तो पाण्याऐवजी हवेत व वाफेत उघडा पडतो. इंजिनाचे हेड तापत असतानाही काटा खाली उतरू शकतो! वर्गात ८० अंशांच्या पाण्याच्या चंचुपात्रात तापमापी बुडवून नोंद घ्या. मग तिचा फुगा पुसून पाण्याच्या पृष्ठभागाच्या थोडा वर धरा. पाणी तेवढेच तापलेले असते, आकडा मात्र उतरतो.

काटा खरोखरच वर गेला, तर गाडी थांबवावी. पण रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. दाबाच्या झाकणामुळे आतील पाणी ११० अंशांनाही उकळत नाही. झाकण काढताच दाब एकदम उतरतो, पाणी क्षणात उकळते आणि अंगावर उडते. लातूरच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी तर ९८ अंशांच्या आसपासच उकळते.

शक्ती वाढवण्यासाठी फेरफार केलेल्या इंजिनात पाण्याचा काटा आणखी अपुरा पडतो. टर्बो बसवलेल्या डिझेल इंजिनात पंपातून जादा इंधन सोडले की ज्वलन अधिक तापते. (नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरतील असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाहीत, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.) पेट्रोल इंजिनात नेमके उलट घडते: पूर्ण जोरात चालताना इंधन थोडे जास्त दिले तर धूर थंड होतो, कमी पडले तर धोका वाढतो. डिझेल इंजिनात हवा नेहमीच जादा असते, म्हणून तेथे अधिक इंधन म्हणजे अधिक उष्णता. चढावर, पूर्ण भाराखाली टर्बोत शिरणारा धूर ७०० अंशांपर्यंत जाऊ शकतो. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि पिस्टनची मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडते. हे सारे काही सेकंदांत घडते. पाण्याचा साठा मोठा असल्याने त्याचे तापमान सावकाश वाढते आणि तोवर पिस्टनचे नुकसान होऊन गेलेले असते.

म्हणून अशा गाड्यांत धुराच्या मार्गात तापयुग्म, म्हणजे थर्मोकपल, बसवतात. दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांना ठेवले की विद्युतदाब निर्माण होतो, हा झेबेक यांनी १८२१ मध्ये शोधलेला परिणाम. क्रोमेल-अॅल्युमेल जोडीत दर अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. ७०० अंशांना सुमारे २९ मिलिव्होल्ट. येथेही जागा महत्त्वाची आहे. टर्बोच्या आधी बसवल्यास पिस्टनजवळचा अंदाज येतो. टर्बोनंतर धुराने टर्बो फिरवण्यात ऊर्जा खर्च केलेली असल्याने आकडा शंभर अंशांनीही कमी येऊ शकतो.

प्रयोगशाळेत तांबे व लोखंड यांच्या तारा पिळून तापयुग्म करता येते. दुसरा सांधा बर्फात ठेवून पहिला ज्योतीवर धरा आणि संवेदनशील गॅल्व्हानोमीटर पाहा. सूचक आधी पुढे सरकेल, पण सांधा पावणेतीनशे अंशांच्या आसपास पोहोचला की माघारी वळू लागेल. धुराच्या नळीत हीच जोडी का चालणार नाही, हे विद्यार्थ्यांनाच विचारा.