सवय झाली म्हणजे झोप पुरली असे नव्हे

‘मला पाच-सहा तास पुरतात’ हे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. पण झोप पुरली की नाही, हे ठरवताना स्वतःच्या जाणिवेवर भरवसा ठेवता येत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही निरोगी माणसांना सलग १४ रात्री सहाच तास झोपू दिले. पडद्यावर आकडे दिसताच बटण दाबायचे, एवढीच चाचणी. तरी त्यांच्या चुका वाढत वाढत अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतक्या झाल्या. ‘झोप येतेय का?’ या प्रश्नाची उत्तरे मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. प्रौढांनी किमान सात तास झोपावे, ही तज्ज्ञांची शिफारस म्हणूनच मनावर घ्यायला हवी.

कमी झोपूनही ठणठणीत राहणारे असतातच की, असे कोणी म्हणेल. असतात, त्यामागचा एक जनुकीय बदल २००९ मध्ये सापडलाही, पण तो अतिशय दुर्मीळ आहे. उलट, आठ तास झोपूनही दुपारी डुलक्या येत असतील, तर दोष श्वासाचा असू शकतो. घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज इथे घात करतो. घोरण्यामागे स्लीप ॲप्निया हा विकार असू शकतो; त्यात झोपेत घशाची वाट मिटते, श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ अडतो, मेंदू क्षणभर जागा होतो. सकाळी यातले काहीच आठवत नाही. म्हणून घरच्यांची घोरण्याची तक्रार हसण्यावारी न नेता डॉक्टरांच्या कानावर घालावी.