परसातील बुडखे व लहान यंत्रे

शेतातील बुडखा काढणे आणि घराच्या परसातील बुडखा काढणे ही दोन कामे एकच आहेत, असा पुष्कळांचा समज असतो. शेतात सभोवार मोकळी जागा असते. ओढताना बुडखा कोणीकडेही कलंडला तरी फार तर चार सरींचे नुकसान होते. परसात मात्र एका बाजूस आपले जोते, दुसऱ्या बाजूस भाऊबंदाची भिंत, तिसरीकडे पाण्याचा हौद आणि आत जाण्यास चार फुटांचा बोळ, असा प्रकार असतो. वाटण्या होऊन वाड्यांचे तुकडे पडले, परसे आखूड झाली, परंतु आजोबांनी लावलेली झाडे होती तेथेच राहिली. ती वाळली किंवा वादळात मोडली म्हणजे मागे बुडखा उरतो, आणि तो कसा काढावा हा प्रश्न घरधन्यापुढे उभा राहतो. या कामी आम्ही एकदा ठेच खाल्ली आहे. सबब तो अनुभव वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

आमच्या परसात चुलतबंधूंच्या हद्दीलगत चिंचेचे वाळलेले झाड होते. रीतसर परवानगी घेऊन ते तोडविले आणि बुडखा काढण्यासाठी मोठे जेसीबी बोलाविले. ते आत घेण्यासाठी आमची कुंपणाची भिंत आम्हीच पाडली. यंत्राने बुडख्याखाली दात घातले आणि जोराने उपसले. बुडखा निघाला, पण त्याची एक मांडीएवढी आडवी मुळी चुलतबंधूंच्या स्वयंपाकघराच्या पायाखालून गेलेली होती. ती वर येताना पायाचे दगड हलले आणि मातीच्या भिंतीस दोन बोटे रुंदीची भेग पडली. शिवाय बुडख्याशेजारी पुरलेला हद्दीचा दगडही त्याच मातीत उपटून गेला. ज्याने अर्धे आयुष्य महसुली दप्तरात हद्दीची प्रकरणे हाताळली, त्याच्याच परसात हद्दीचा तंटा उभा राहावा, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती? भिंत आम्ही बांधून दिली आणि मोजणीची फीही भरली. तथापि दोन घरांतील बोलणे पुढे वर्षभर बंद राहिले, त्याची भरपाई पैशाने झाली नाही.

विचारांती दोष यंत्राचा नसून आमच्या पद्धतीचा होता असे दिसून आले. मुळी मातीस धरते व माती पायास धरते. मुळी तोडण्यापूर्वी बुडखा ओढला म्हणजे ओढीचा सर्व जोर मुळीवाटे पायापर्यंत पोचतो. यंत्र जितके बलवान तितका हा धोका अधिक. यास्तव अडचणीच्या जागेचा नियम एकच: आधी तोडावे, मग सैल करावे, आणि ओढणे अगदी शेवटी. तोडण्याच्या कामास अचाट बळ लागत नाही; योग्य अवजार व धीर लागतो.

असे काम करणारी लहान यंत्रे आता मिळतात. आपल्याकडे लोक त्यांस मिनी पोकलेन म्हणतात. पोकलेन हे मूळचे एका फ्रेंच कारखान्याचे नाव, पण ते आता सर्वच जातींच्या खोदयंत्रांस चिकटले आहे. नेहमीच्या जेसीबीची रुंदी सव्वादोन मीटरांच्या व वजन साडेसात टनांच्या आसपास असते. उलट पावणेदोन टनांच्या लहान पोकलेनच्या पट्ट्या आत ओढून घेतल्या म्हणजे त्याची रुंदी एक मीटरच्या आसपास येते, आणि ते चार फुटांच्या बोळातून आत जाऊ शकते. आत गेल्यावर पट्ट्या पुन्हा रुंद कराव्यात व पुढील पाते जमिनीस टेकवावे. नाहीतर यंत्र डोलते.

या यंत्रास जोडावयाची अवजारे मुख्यत्वे चार. पहिले, फूटभर रुंदीची अरुंद बकेट. हिने बुडख्याभोवती चर काढता येतो. दुसरे, एकदाती रिपर. हा मुळ्या वर खेचून फाडतो. तिसरे, ऑगरच्या मोटारीवर बसणारा स्क्रूसारखा शंकू. हा लाकडात शिरून बुडख्याची शकले करतो. चौथे, कठीण दातांचे फिरते चाक. हे बुडखा किसून त्याचा भुसा करते. चाकास तेलाचा प्रवाह पुष्कळ लागतो, आणि अगदी लहान यंत्रास तो पुरत नाही. म्हणून भाडे ठरविण्यापूर्वी अवजार त्या यंत्रास चालते की नाही, हे मालकास स्पष्ट विचारावे.

कोणते अवजार वापरावयाचे हे झाड तोडण्यापूर्वीच ठरले पाहिजे. बुडखा मुळासकट काढावयाचा असेल तर खोड कमरेइतके उंच ठेवावे. यंत्राने ते हलविताना तरफेचा उपयोग होतो. किसून काढावयाचा असेल तर जमिनीसरसे कापावे. त्या जागी बांधकाम करावयाचे असल्यास बुडखा समूळ काढणेच इष्ट. केवळ वाट मोकळी करावयाची असल्यास नऊ ते बारा इंच खोल किसणे पुरे होते, आणि शेजारच्या पायास धक्काही बसत नाही.

समूळ काढण्याचा क्रम असा. एक दिवस आधी पाणी सोडून माती मऊ करावी, मात्र भिंतीच्या पायाशी पाणी मुरू देऊ नये. ज्या बाजूस भिंत असेल त्या बाजूच्या मुळ्या प्रथम कुदळीने उघड्या करून हातकरवतीने कापाव्यात. हे काम यंत्राकडे देऊ नये. मग उरलेल्या बाजूंनी अरुंद बकेटने चर काढून रिपरने मुळ्या तोडाव्यात. यंत्र भिंतीच्या विरुद्ध बाजूस उभे करून बुडखा भिंतीपासून दूर कलंडवावा. चिंच, कडुनिंब यांसारख्या झाडांस सोटमूळ असते. बुडखा हलू लागला तरी ते कापल्यावाचून उचलण्याची घाई करू नये. नारळाची गोष्ट निराळी. त्यास सोटमूळ नसून तंतुमय मुळांचा जुडगा असतो, म्हणून तो तुलनेने सुलभ निघतो.

वजनाचाही हिशेब करावा. दोन फूट व्यासाचा व दोन फूट उंचीचा ओला तुकडा दीडशे किलोंच्या पुढे भरतो. मुळ्या व चिकटलेली माती धरता हा आकडा सहज दुप्पट होतो. लहान यंत्राचा हात लांब केला की त्याची उचलण्याची ताकद फार घटते. यास्तव बुडख्याची शकले करूनच उचलावीत.

काम सुरू करण्यापूर्वी घरातील वृद्ध मंडळींस विचारून जमिनीखाली काय आहे ते जाणून घ्यावे. जुन्या वाड्यांच्या परसात धान्याची पेवे असत. तोंड बुजले तरी पोकळी राहते. शौचालयाच्या टाकीवरून यंत्र नेणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय. पाण्याचा नळ व विजेची तार यांच्या जागा चुन्याने आखून घ्याव्यात. किसण्याचे चाक चालू असता दगड व ढलप्या दूरवर उडतात. मुलाबाळांस त्या बाजूस फिरकू देऊ नये आणि खिडक्यांवर जाड तरटे बांधावीत.

खड्डा भरताना लाकडाचा भुसा त्यात पुरू नये. तो कुजून जमीन खचते व घराजवळ वाळवी येते. तो शेणाबरोबर कुजवून खत करावे. खड्ड्यात माती सहा-सहा इंचांच्या थरांनी टाकून प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकावा, आणि एक पावसाळा जाऊ देऊनच वर बांधकाम करावे. काळ्या जमिनीत तर विशेष जपावे. मोठे झाड जमिनीतील ओल शोषत असते. ते गेल्यावर ओल परत येते, माती फुगते आणि जवळचे जोते उचलले जाऊ शकते.

कागदोपत्री दोन गोष्टी. आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह इत्यादी झाडे तोडण्यास १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमान्वये पूर्वपरवानगी लागते. शहर हद्दीत १९७५ चा निराळा अधिनियम आहे. दुसरे, हद्दीची निशाणी नष्ट करणे १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे दंडास पात्र आहे. बुडखा हद्दीजवळ असेल तर काम करण्यापूर्वी दोन पक्क्या ठिकाणांपासून हद्दीच्या दगडाची अंतरे मोजून कागदावर लिहावीत व त्यावर शेजाऱ्याची सही घ्यावी. हा अर्ध्या तासाचा उद्योग आम्ही केला असता तर मोजणीचा खटाटोप वाचला असता.

पुढे आमच्याच परसातील कडुनिंबाचा बुडखा आम्ही वरील रीतीने लहान यंत्राकडून काढविला. भिंतीकडील मुळ्या दोन गड्यांनी सकाळी कापल्या, आणि दिवस मावळण्यापूर्वी खड्डा मोकळा झाला. भिंतीचा पोपडादेखील पडला नाही. चुलतबंधू आपल्या दारात उभे राहून सारे काम पाहत होते. यंत्र बोळातून बाहेर निघण्याच्या वेळी त्यांनी चालकास थांबविले आणि आम्हांस म्हणाले, “दादा, आमच्याही मागे जांभळाचा एक बुडखा आहे. आलंच आहे यंत्र तर बघून घ्या.” वर्षभराने कानी पडलेले ते पहिले वाक्य.

यंत्र गावापर्यंत आणण्याच्या भाड्याचा भार एकट्यावर पडतो, हे खरे आहे. यास्तव गावातील सभासदांनी आपापल्या परसांतील बुडख्यांची यादी करून एकाच फेरीत ती कामे उरकावीत, अशी आमची सूचना आहे. खर्च वाटला जाईल, चालकाचा हातही बसेल. मात्र यंत्र येण्यापूर्वी कुदळ व करवत घेऊन भिंतीकडील मुळ्या आपण स्वतः पाहाव्यात. ते काम दुसऱ्यावर सोपवू नये.