पडद्यावरचा प्रचार (9) : मिस्ड कॉलचे सभासद

होलोग्राममधून सभा घेणारे मोदी पुढच्या आठवड्यात. मागच्या वेळी शब्द दिला होता खरा, पण मध्येच सांगोल्याहून एका वाचकांचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवणं मला जमेना. त्यांचे वडील जन्मभर शेतकरी कामगार पक्षाचे, लाल बावट्याखेरीज दुसरा झेंडा हाती न धरलेले. 2014च्या दिवाळीनंतर नातवाने गंमत म्हणून आजोबांच्या फोनवरून भाजपच्या सदस्यता नंबरवर मिस्ड कॉल दिला आणि मिनिटाभरात सदस्य क्रमांकासकट मेसेज आला. आजोबांनी दोन दिवस नातवाशी अबोला धरला. ‘असा सभासद धरायचा का हो?’ असं वाचक विचारतात.

मिस्ड कॉल ही काही कुठल्या पक्षाची अक्कल नव्हे. पोरांची होती. हॉस्टेलवर एक रिंग म्हणजे खाली ये, दोन म्हणजे मेसला निघालो. बॅलन्स न कापता निरोप पोचायचा. 2011मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाने याच सवयीवर पाठिंबा गोळा केला. बंगळुरूच्या झिपडायल कंपनीने तर त्यावर धंदा उभारला आणि जानेवारी 2015मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. भाजपने 1 नोव्हेंबर 2014ला टोल-फ्री नंबर जाहीर केला, तेव्हा पोरांना नवं काही शिकवावंच लागलं नाही.

2014च्या लोकसभा विजयाचं श्रेय फेसबुक-ट्विटरला देणाऱ्यांशी माझं इथेच जमत नाही. स्वस्त डेटाचं जिओ आलं सप्टेंबर 2016मध्ये. त्याआधी गावाकडच्या पोराच्या खिशात बहुतेक करून बटणांचा फोन आणि दहा-वीस रुपयांचं रिचार्ज. त्या लोकसभेला 18-19 वर्षांचे सुमारे 2.3 कोटी मतदार होते. उजव्या विचारांच्या राजकारणात शिरायची जुनी वाट संघाच्या शाखेवरून जायची, आणि शाखा रोज एक तास मागते. तोही बऱ्याचदा भल्या सकाळी. निवडणुकीनंतर मिस्ड कॉलने ती अट एका रिंगवर आणली. शाखेची पायरी कधीही न चढलेला पोरगाही आता निदान यादीत तरी येत होता.

पण यादीत येतं काय? नुसता नंबर. त्यावरून फार तर सिमचं मूळ टेलिकॉम सर्कल कळतं, मतदारसंघ नाही. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, मुंबई वेगळं. दहिवडीचा पोरगा घाटकोपरला कुरिअरच्या कामाला असतो, सिम मुंबईचं, मतदार यादीतलं नाव गावाकडे माण तालुक्यात. त्याला प्रचाराचा मेसेज धाडायचा तो कुठल्या उमेदवाराचा? म्हणून तर पक्ष उलट मेसेजमध्ये नाव, पत्ता, मतदार ओळखपत्राचा क्रमांक मागत होता. फुकट रिंग देणं वेगळं आणि बटणांवर बोटं झिजवत पत्ता टाइप करणं वेगळं.

मार्च 2015मध्ये 8.8 कोटी सदस्यांचा दावा झाला, चीनच्या कम्युनिस्ट पक्षालाही मागे टाकल्याच्या बातम्या आल्या. मला त्या मथळ्यांपेक्षा त्यानंतरचं ‘महासंपर्क अभियान’ जास्त सांगून जातं. ज्यांचे मिस्ड कॉल आले त्यांना प्रत्यक्ष गाठायला कार्यकर्त्यांना बाहेर काढावं लागलं. तंत्रज्ञानाने दार दाखवलं, उंबरठा पायांनीच ओलांडावा लागला. सांगोल्याच्या आजोबांकडे कुणी गेलं असतं तर चहा मिळाला असता, पण मत नव्हे. त्यांना सभासद धरू नका, फार तर आकड्यात धरा.

गंमत म्हणजे डेटा स्वस्त होऊनही मिस्ड कॉल मेला नाही. 2 सप्टेंबर 2024ला पक्षाने नवी सदस्यता मोहीम सुरू केली, तेव्हा क्यूआर कोड, नमो ॲप आणि संकेतस्थळ यांच्या जोडीला तो होताच. कारण माझ्या मते साधं आहे. ॲप पोराला स्वतःला उतरवून घ्यावं लागतं, त्याला जागा लागते, परवानग्या द्याव्या लागतात. मिस्ड कॉल मात्र कॉलेजच्या फाटकाबाहेर टेबल मांडून बसलेला कार्यकर्ताही लावू शकतो: ‘दे रे फोन जरा,’ म्हणायचं, नंबर दाबायचा, फोन परत द्यायचा. पुढचा फॉर्म कोण भरतो, तो मीच भरून देईन म्हणणारे कार्यकर्ते किती, आणि मग ओटीपी कुणाच्या हाती जातो, हा सगळा वेगळाच गुंता आहे. होलोग्राम आटोपले की तिकडे वळू.